सापाचा उपास आणि आपली घालमेल

मंडळी, आधी एक कबुली देऊन टाकतो. माझा पहिला बॉल पायथन, म्हणजे घरात पाळतात तो छोटा अजगर, जेवेना, तेव्हा मी दर दोन दिवसांनी त्याच्या तोंडापुढे चिमट्यात धरलेला मेलेला उंदीर नाचवत असे. तो डोकं वेटोळ्यात खुपसायचा, मी चिमटा आणखी पुढे सरकवायचो. पाचव्या खेपेपासून तर नुसता चिमटा दिसला तरी तो गोळा होऊन बसायला लागला. ‘याला भूकच नाही’ असं मी सगळ्यांना सांगत फिरलो. त्याला माझी धास्ती बसली होती, हे फार उशिरा लक्षात आलं.

आपण आपल्या पोटावरून सापाच्या पोटाचा अंदाज बांधतो, तिथंच फसतो. बर्मी अजगराचं घ्या. पोट रिकामं असताना त्याच्या जठरात आम्ल जवळजवळ नसतंच, आतडी आक्रसलेली असतात. भक्ष्य गिळलं की सगळा कारखाना पुन्हा सुरू होतो. दोन दिवसांत हृदयसुद्धा सुमारे ४० टक्क्यांनी वाढतं! एवढा खटाटोप करायचा तर अंगात ऊब हवी, आणि ती बाहेरूनच मिळवावी लागते. गार पेटीतला साप खात नाही, त्यात त्याचं काय चुकलं? गिळलेलं पचलं नाही तर ते पोटातच सडेल.

म्हणून चिमट्याआधी थर्मामीटर हातात घ्या. बॉल पायथनला पेटीचं एक टोक ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसरं २५ ते २७ लागतं. काचेवर चिकटवलेली तबकडी काचेजवळचं तापमान सांगते. साप पडून राहतो तिथं मोजा. दोन्ही टोकांना लपायला जागा द्या, तीही अंग चारी बाजूंनी टेकेल इतकी अडचणीची. आपल्याला ऐसपैस घर आवडतं, त्याला बीळ आवडतं.

हे सगळं ठीक असूनही तो खात नसेल, तर डोळे बघा. दुधाळ, निळसर दिसत असतील तर तो कातीवर आलाय. कात पडेपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नका. विणीच्या काळात नर आणि अंड्यांवर आलेली मादी खाणं सोडतात. नुकताच घरी आणलेला असेल तर आठवडाभर हातही लावू नका. पूर्ण वाढलेला, धडधाकट बॉल पायथन काही महिने सहज काढतो. पिल्लाचं मात्र तसं नाही, त्याच्याकडे साठाच नसतो.

आता उंदराकडे वळू. बॉल पायथनच्या ओठांवर खळगे असतात, त्यांतून त्याला उष्णता कळते. गार उंदीर म्हणजे त्याच्या लेखी भक्ष्यच नव्हे. गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून वितळू द्या, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवा. बाहेरून ३८ ते ४० अंश झाला की पुसून कोरडा करा. मायक्रोवेव्हच्या भानगडीत पडू नका. उंदीर फुटतो आणि वास कित्येक दिवस जात नाही, हे अनुभवानं सांगतो. संध्याकाळी दिवे मालवा आणि मग उंदीर सापापुढे धरा. तोंडावर टोचू नका, समोरून आडवा नेत राहा. भक्ष्य कधी शिकाऱ्याच्या अंगावर धावून येतं का? नाहीच घेतला, तर बिळाच्या तोंडाशी ठेवून खोलीबाहेर जा. सकाळपर्यंत तसाच पडून राहिला तर टाकून द्या आणि पुढचा प्रयत्न आठवड्यानं करा. जिवंत उंदीर मात्र रात्रभर आत सोडू नका. न खाणाऱ्या सापाला उंदीरच कुरतडतो.

कॉर्न स्नेक हा पाळला जाणारा दुसरा एक साप. त्याची काही पिल्लं उंदराला हुंगूनही बघत नाहीत, कारण त्यांना पालीसरड्यांचा वास हवा असतो. तो वास लावलेलं उंदराचं पिल्लू दिलं तर त्यांतली काही ते मुकाट गिळतात.

आणि वजनकाटा! दर आठवड्याला वजन लिहून ठेवा. काटा जागच्या जागी असेल तर उपासाला उपास म्हणा. दहावा हिस्सा वजन उतरलं, नाकातोंडातून बुडबुडे आले, तोंड उघडं टाकून श्वास घेऊ लागला किंवा तोंडात पू दिसला, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला डॉक्टर गाठा.

मघाशी कुणीतरी विचारलं, जबरदस्तीनं भरवायचं का. ते काम डॉक्टरांच्या हातचं. घाबरलेल्या सापाच्या घशात कोंबलेला उंदीर बहुतेक वेळा उलटून बाहेर येतो, आणि त्यानंतर निदान दोन आठवडे त्याला काहीच देता येत नाही.