पैसे आत्ता कुठं आहेत?

(सकाळचे सात. वडापावची गाडी. कढईतल्या तेलाचा आवाज.)

"वीस रुपये प्राप्त झाले."

हा आवाज आता कुकरच्या शिट्टीइतका ओळखीचा झालाय. गाडीवाल्याचे दोन्ही हात पिठात. फोन खिशात, नाहीतर पोरानं गेम खेळायला पळवलेला. गिऱ्हाईक स्क्रीनवरची हिरवी खूण दाखवतं, पण ती बघायला घाण्यावरची नजर काढावी लागते. शिवाय खोटी हिरवी खूण दाखवणारी अ‍ॅपंही निघालीत, हे बाजारात सगळ्यांना माहीत आहे. म्हणून हा डबा. डबा बोलला की पाव हातात.

यूपीआय सुरू झालं ११ एप्रिल २०१६ ला, मुंबईत. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात देशभरात त्यावर २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. एवढा मोठा कारभार, आणि त्यातली गाडीवाल्याला सगळ्यात आवडलेली वस्तू कोणती? पैसे आले, एवढंच मराठीत ओरडून सांगणारा डबा. त्याचं महिन्याचं भाडं कापलं जातं तेव्हा तो कुरकुरतो. डबा परत करत मात्र नाही.

आदर्श ऑनलाइन बँक कशी असावी, या प्रश्नाचं उत्तर शोधायला आम्ही निघालो, आणि पहिल्या गाडीवरच निम्मं उत्तर मिळालं. उरलेलं निम्मं घरात होतं.

(स्वयंपाकघर. ओट्यावर औषधांची पिशवी, चष्मा, पासबुक.)

ही माझी आई. शाळेत शिकवायची, आता निवृत्त. फोनवरून पैसे पाठवायला तिला कुणी शिकवलं नाही, लॉकडाउननं शिकवलं. गेल्या पावसाळ्यात तिनं औषधाच्या दुकानात ६४० रुपयांचं बिल स्कॅन करून भरलं. पिन टाकला. स्क्रीनवर गोल फिरत राहिला. मग मेसेज आला: खात्यातून ६४० रुपये वजा. दुकानदार म्हणाला, "काकू, माझ्याकडं आले नाहीत." आईनं पर्समधून रोख ६४० काढून दिले आणि घरी आली.

त्यानंतर तिनं जे केलं, ते तुम्हीही कधी ना कधी केलं असणार. अ‍ॅप उघडलं. तिथं लिहिलेलं: प्रक्रिया सुरू आहे. मदतीचं चिन्ह दाबलं. एक हसरा रोबो आला आणि त्यानं विचारलं, "मी आपली काय मदत करू?" खाली चार पर्याय. त्यात तिचा प्रश्न नव्हता. मग फोन. हिंदीसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन. मराठी कितव्या नंबरवर आहे याची वाट बघता बघता संगीत सुरू झालं. मग शाखा. तीन नंबरच्या खिडकीतला मुलगा भला होता. म्हणाला, "आजी, येतील. चार-पाच दिवस थांबा."

आईचा प्रश्न वेगळाच होता. ती म्हणाली, "येतील रे. पण आत्ता आहेत कुठं?"

त्या मुलाला ते माहीत नव्हतं. त्याच्या स्क्रीनवरही तेच लिहिलेलं असणार.

(क्षणभर शांतता. खिडकीवरचा टोकन नंबर बदलतो.)

आता गंमत अशी, की याला नियम आहे. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेनं फसलेल्या व्यवहारांचं वेळापत्रकच घालून दिलंय. दुकानदाराला भरलेले पैसे त्याच्यापर्यंत पोचले नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. एका माणसानं दुसऱ्याला पाठवलेले पैसे जमा झाले नाहीत, तर एका दिवसात. एटीएमनं नोटा न देता खात्यातून रक्कम वजा केली, तर पुन्हा पाच दिवस. मुदत टळली की रोजचे १०० रुपये भरपाई. आणि यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य: ही भरपाई बँकेनं स्वतःहून द्यायची आहे, ग्राहकाच्या तक्रारीची वाट न बघता.

नियम चांगलाच आहे. पण "प्रक्रिया सुरू आहे" या तीन शब्दांच्या खाली कुठलंही अ‍ॅप हे लिहू शकलं असतं: तुमचे ६४० रुपये दुकानदाराच्या बँकेत पोचलेले नाहीत, अमुक तारखेपर्यंत परत येतील, नाही आले तर रोज १०० रुपये मिळतील. दोन ओळींचं काम. आई त्या रात्री शांत झोपली असती.

(सोसायटीचा जिना. हातात पिशवी घेतलेल्या मावशी.)

पैसे कुठं आहेत, हा प्रश्न २०२४ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या घराघरांत विचारला गेला. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे पहिले दोन हप्ते, मिळून ३,००० रुपये, राखीपौर्णिमेच्या आधी खात्यांवर पडायला लागले. "तुझे पडले का?" हा त्या महिन्यातला नमस्कार होता.

आमच्याकडं पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचे पडले नव्हते. म्हणजे पडले होते, पण त्यांना वाटत होतं त्या खात्यात नाही. सरकारी अनुदान आधार क्रमांकाच्या पत्त्यावर जातं. एका आधारला चार खाती जोडलेली असू देत, पैसे एकाच खात्यात येतात: ज्या बँकेनं एनपीसीआयच्या, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेच्या, नोंदीत ते आधार सगळ्यात शेवटी जोडलं, तिच्या. मावशींचं एक खातं रोजच्या वापरातलं. दुसरं जनधनच्या लाटेत कुणीतरी उघडून दिलेलं, त्याचं पासबुक गावाकडच्या पेटीत. त्या खात्याला जो मोबाइल नंबर दिला होता, ते सिम कधीच बंद पडलेलं. पैसे आल्याचा मेसेज बँकेनं इमानदारीनं त्या बंद नंबरवर पाठवला असणार.

मावशींना कुठलंही अ‍ॅप नको होतं. आपलं आधार कुठल्या बँकेला जोडलंय, एवढंच हवं होतं. ते बघायची सोय ऑनलाइन आहे, पण तिथं जायला आधारला जोडलेला नंबर चालू लागतो, म्हणजे गाडी पुन्हा त्याच स्टेशनवर. शेवटी महा ई-सेवा केंद्रातल्या मुलीनं शोधून दिलं. आणि त्या दिवसांत कित्येकींच्या बाबतीत असंही झालं, की पैसे सापडले तेव्हा ते कमी झालेले होते. कुठं किमान शिल्लक नव्हती म्हणून दंड वळता झाला, कुठं जुन्या कर्जाचा हप्ता. बँकांनी या रकमेला हात लावू नये, असं सरकारला सांगावं लागलं.

किमान शिल्लक हा शब्द मला नेहमी विनोदी वाटत आलाय. ज्याच्याकडं कमी आहे त्याच्याकडून, कमी आहे म्हणून, घ्यायचे.

(रात्र. फोनची स्क्रीन चमकते.)

पैसे चुकून अडकणं वेगळं आणि चोरीला जाणं वेगळं. फसवणुकीचा फोन येतो तेव्हा समोरचा माणूस पहिल्या मिनिटाला मराठीत बोलतो, नावानं हाक मारतो आणि संगीत ऐकवत नाही. ग्राहकसेवा म्हणून बघितलं तर चोर उजवा ठरतो, हे बोलायला कडू आहे, पण खरं आहे.

६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात ग्राहकाची बाजू बऱ्यापैकी भक्कम मांडलीय. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर काहीच येत नाही. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, मधल्याच कुणाची आहे, आणि मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरीही काही येत नाही. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर. स्वतःच ओटीपी सांगून बसलेल्याचं नुकसान मात्र त्याच्या माथी, पण बँकेला कळवल्या क्षणापर्यंतचंच. त्यानंतर गेलेला पैसा बँकेचा. म्हणजे सगळी शर्यत कळवण्याची आहे. ऑनलाइन फसवणूक कळवायच्या १९३० या हेल्पलाइनचा उपयोगही तेवढ्यासाठीच: चोरानं पुढच्या खात्यातून काढायच्या आत रक्कम गोठवायची.

त्याच परिपत्रकात आणखी एक गोष्ट लिहिलीय. पैसे गेल्याचा मेसेज आला, की ग्राहकाला त्याच मेसेजला उत्तर देऊन तक्रार करता आली पाहिजे. नंबर शोधायची गरज नाही, पर्याय दाबायची गरज नाही. फक्त उत्तर: हा व्यवहार माझा नाही. तुमच्या फोनवरचा बँकेचा शेवटचा मेसेज उघडा आणि उत्तर लिहायला जागा मिळते का बघा. बहुतेक ठिकाणी मिळत नाही.

काही गोष्टी उशिरा का होईना, झाल्या. एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायचं नेफ्ट २००५ मध्ये आलं, मोठ्या रकमांसाठीचं आरटीजीएस त्याच्याही आधी, २००४ मध्ये. तेव्हापासून पैसे जमा व्हायचे ते नाव न जुळवता, निव्वळ खाते क्रमांकावर. एक आकडा चुकला की घराचं डिपॉझिट भलत्याच्याच खात्यात. पाठवण्याआधी नाव दिसावं, ही मागणी करायला कुणी तज्ज्ञ लागत नव्हता. यूपीआयवर भाजीवालीचं नाव दिसत होतंच. रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २०२४ मध्ये आदेश काढला आणि बँकांना १ एप्रिल २०२५ पर्यंत ती सोय करायला सांगितली. वीस वर्षं आपण डोळे मिटून "कन्फर्म" दाबत होतो.

डोळे मिटण्यावरून आठवलं. व्हिडिओ केवायसी, म्हणजे शाखेत न जाता कॅमेऱ्यासमोर ओळख पटवणं, २०२० पासून आहे. समोर जिवंत माणूस आहे याची खात्री करायला यंत्र म्हणतं: पापण्या मिटा. अ‍ॅसिड हल्ल्यानंतर ज्या बाईला पापण्या मिटताच येत नाहीत, तिनं काय करायचं? तिला खातं उघडता आलं नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि ३० एप्रिल २०२५ ला न्यायालयानं सांगितलं, की डिजिटल सेवा सगळ्यांना वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. दृष्टिहीन याचिकाकर्त्याचं म्हणणंही त्याच निकालात ऐकलं गेलं. अ‍ॅप तयार करणाऱ्यांच्या टेबलावर पापण्या मिटू न शकणारा एक जरी माणूस बसला असता, तर एवढ्या लांब जावं लागलं नसतं.

(शोकेस. काचेच्या आत एक बटणाचा फोन, चार्जरला लावलेला.)

हा फोन कुणाचा? शेजारच्या काकूंच्या मुलाचा. मुलगा आयर्लंडमध्ये. त्याच्या इथल्या खात्याचा ओटीपी या सिमवर येतो, म्हणून काकू दर महिन्याला रिचार्ज मारतात. ओटीपी आला की व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर मुलाला वाचून दाखवतात. ओटीपी कुणालाही सांगू नका, हे त्या मेसेजमध्येच लिहिलेलं असतं. काकू तेही वाचून दाखवतात.

(जुनं वृत्तपत्र. बँकेच्या दारावरची गर्दी.)

आणि एक प्रश्न असा, ज्याला कुठलंच अ‍ॅप पुरत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. सुरुवातीचा आदेश: सहा महिन्यांत खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येतील. आकडा खात्यात दिसत होता. पैसे हातात येत नव्हते. फेब्रुवारी २०२० मध्ये ठेवींवरचं विमा संरक्षण १ लाखावरून ५ लाखांवर गेलं, आणि २०२१ मध्ये कायदा बदलून ती रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद झाली. त्यानंतर आमच्या सोसायटीतले एक काका कुठल्याही बँकेच्या अ‍ॅपमध्ये पहिली गोष्ट बघतात: त्या बँकेतली आपली सगळी खाती मिळून ५ लाखांच्या वर गेली का. ते आकडा काढतात वहीत, कारण अ‍ॅप हे सांगत नाही.

(पुन्हा शाखा. पासबुक छापायचं यंत्र. रांग.)

ही रांग बघा. अर्ध्याहून जास्त जणांच्या हातात स्मार्टफोन आहे. बॅलन्स त्यांना घरी बसून दिसतो. तरी ते "एन्ट्री मारायला" आलेत. बँकवाल्यांना याचं हसू येतं. मला आता येत नाही. छापलेली ओळ दुसऱ्या दिवशी बदलत नाही, अपडेट मागत नाही आणि कर्ज घ्या म्हणून मधेच उडी मारत नाही.

फक्त ती वाचता येत नाही. यूपीआय, डीआर, बारा आकडी नंबर, अर्धवट तुटलेलं नाव. म्हणून आई पासबुकात प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलनं लिहिते. दूध. गॅस. पेन्शन. चिनूचा वाढदिवस. तिची सगळी पासबुकं अशीच आहेत. एखाद्या मुलीनं बँकेचं अ‍ॅप करायला घेतलं, तर आधी तिला ही वाचायला द्यावीत असं मला वाटतं.

पाचव्या दिवशी ६४० रुपये परत आले. मेसेज आला होता, पण आईनं तो मोजला नाही. ती शाखेत आली, यंत्रात पासबुक घातलं, खर्र खर्र आवाज झाला. बाकावर बसून चष्मा लावला. नवीन ओळ शोधली आणि समोर लिहिलं: औषध, परत.

त्याच्या वरच्या ओळीत १७ रुपये ७० पैसे वजा झालेले होते. बहुधा मेसेज पाठवल्याचं तिमाही शुल्क: १५ रुपये, अधिक १८ टक्के जीएसटी. मी तिला तसं सांगितलंही.

"बहुधा?" ती म्हणाली, आणि त्या ओळीसमोर पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढलं.