मामांची सहा हजारांची खोली

श्रोते हो, नमस्कार. सरकारी आरोग्य योजना बरी की खासगी विमा बरा, यावर बोलायला आज मला बसवलंय. तर आधी तुमच्या कपाटातली ती प्लॅस्टिकची पिशवी आठवा, जिच्यात घरातले सगळे कागद कोंबलेले असतात. तिच्यातलं रेशनकार्ड म्हणजे तुमची सरकारी योजना. विम्याची पॉलिसी असलीच, तर ती खासगी.

सरकारीचं थोडक्यात सांगतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. 2012 साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा ती राजीव गांधींच्या नावानं होती आणि मोफत उपचारांची मर्यादा होती कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची. 1 जुलै 2024 पासून ती मर्यादा 5 लाख झाली. पिवळं आणि केशरी रेशनकार्ड तर चालतंच, आता पांढरंही चालतं. पुन्हा सांगतो, पांढरंही चालतं. सत्तरी गाठलेल्यांना केंद्राचं आयुष्मान कार्ड मिळतं, पेन्शन कितीही असो. या योजनेत उपचारांची यादी ठरलेली आणि प्रत्येक उपचाराचा दर ठरलेला. खाट जनरल वॉर्डातली, पण शस्त्रक्रिया, औषधं, जेवण आणि घरी जायचं भाडंसुद्धा त्यात धरलेलं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेसाठी मदत करणारा माणूस, बसलेला असतो, आत गेल्यावर आधी त्याला शोधायचं.

आता खासगी. आणि खासगी म्हटलं की मला आमचे धाकटे मामा आठवतात.

मामांची उभी हयात साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात गेली. कोथिंबिरीची जुडी घेतानाही ते पैसे मोजून परत मोजतात. त्यांच्या पित्ताशयात खडे झाले. घरात केशरी कार्ड होतं, पण जनरल वॉर्ड म्हटल्यावर मामींनी नाक मुरडलं. "एवढी वर्षं हप्ते भरले ते कशाला?" झालं. नाशिकच्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात मामा दाखल. आधी दोघांत एक खोली मिळाली होती. शेजारच्या पेशंटचे नातेवाईक मोबाईलवर मोठ्या आवाजात रील बघत बसलेले. (वॉर्डात मोबाईलचा आवाज काढणाऱ्याला सरळ दंड करावा, असं माझं जुनं मत आहे. तापानं फणफणलेल्या माणसानं दुसऱ्याची लग्नाची वरात का ऐकावी?) मामींनी स्वतंत्र खोली मागितली. भाडं दिवसाला 6,000. पॉलिसी 3 लाखांची, आणि खोलीभाड्याची मर्यादा तिच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला 3,000. मामांना हे ठाऊक होतं बरं का. त्यांनी पाकिटाच्या मागच्या बाजूवर हिशेब मांडला होता. जास्तीचे 3,000, चार दिवस, एकूण 12,000 आपल्या खिशातून.

ऑपरेशन झालं, खडे निघाले, एका डबीत घालून मामांच्या हातात दिले. घरी सोडायचा दिवस उजाडला. सकाळपासून मामी थर्मास, लोणच्याची बाटली, चादरी भरून खाटेच्या कडेला बसलेल्या. विमा कंपनीची मंजुरी येईना. दुपारी खालच्या विमा काउंटरवरून बोलावणं आलं. बिल 1,85,000. कंपनीनं मंजूर केले 1,08,000. मामांनी भरायचे 77,000.

मामा म्हणाले, "ताई, तुमची बेरीज चुकलीय."

काउंटरवरची मुलगी दमलेली, पण शांत. "काका, बेरीज बरोबर आहे. खोली मर्यादेच्या दुप्पट घेतली ना, मग सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, थिएटरचा खर्च, नर्सिंग, सगळं त्याच प्रमाणात कापतात. ते 1,20,000 चे 60,000 झाले. खोलीचे 24,000 चे 12,000. औषधं आणि तपासण्यांचे 36,000 पूर्ण दिलेत बघा. आणि हातमोजे, कापूस वगैरेचे 5,000 बसत नाहीत."

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग सगळ्या काउंटरला ऐकू जाईल असं विचारलं, "ताई, मला एक सांगा, डॉक्टरांनी माझे खडे खोलीत काढले का थिएटरात?"

"थिएटरात, काका."

"जनरल वॉर्डातल्या माणसाचे कुठं काढतात?"

"त्याच थिएटरात."

"टेबल तेच? डॉक्टर तेच? सुरी तीच?"

"हो काका."

"मग माझ्या खोलीतल्या पडद्यांचा आणि त्या सुरीचा संबंध काय?"

रांगेतले लोक हसले. ती मुलगीही हसली. पण 77,000 काही कमी झाले नाहीत. मामांनी धाकट्या मुलाला बँकेत पाठवलं आणि स्वतः डबीतल्या खड्यांकडं बघत बसले.

आता गंमत बघा. खोली महाग घेतली की त्याच डॉक्टरांची फीसुद्धा वाढते, हे रुग्णालयाचं दरपत्रक. आणि खोली महाग घेतली म्हणून ती वाढलेली फी कापायची, हे कंपनीचं कलम. दोघं आपापल्या जागी कायदेशीर, मधे चेपले मामा. एक बारीक नियम मात्र लक्षात ठेवा. जे रुग्णालय सगळ्या खोल्यांना डॉक्टरांची फी सारखीच लावतं, तिथं कंपनीला ही प्रमाणात कपात करता येत नाही. म्हणून दाखल होतानाच दोन प्रश्न विचारायचे. माझ्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा किती? आणि खोलीप्रमाणे इथं फी बदलते का? पुन्हा सांगतो. मर्यादा किती, आणि फी बदलते का. महाराष्ट्रात शुश्रूषागृहांच्या नियमांत 2021 पासून दरपत्रक लावणं बंधनकारक आहे. ते भिंतीवर दिसलं नाही तर मागायचं, लाजायचं नाही.

सुधारणा काय हवी म्हणाल, तर माझ्या मते खोलीभाडं मर्यादेबाहेर गेलं तर फरक फक्त भाड्याचा घ्यावा, सुरीचा नाही. सरकारी योजनेत ठरलेला दर आहे हीच तिची ताकद, पण तोच दर वर्षानुवर्षं हलला नाही, वर रुग्णालयांचे पैसे थकले, की पेशंटला ऐकू येतं "खाट शिल्लक नाही". दर वेळेवर बदलले आणि पैसे वेळेवर दिले तर निम्म्या खाटा आपोआप शिल्लक निघतील. आणि जिल्हा रुग्णालयात डॉक्टर, यंत्रं, औषधं भरपूर असतील तर कार्डही कमी लागेल आणि पॉलिसीही. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला, ते चांगलंच झालं, पण बिलच फुगत राहिलं तर हप्ता परत तिथंच येणार.

मामांनी पुढं काय केलं? मुदत संपायच्या दीड महिना आधी अर्ज करून त्यांनी पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडं नेली, खोलीमर्यादा नसलेली. जुन्या आजारांना विमा लागू व्हायला काही वर्षं थांबावं लागतं, ती आधीच्या कंपनीत थांबलेली वर्षं तशीच धरली गेली. कपातीची तक्रार आधी कंपनीकडं करायची. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडं, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडं. नाशिककरांसाठी तो पुण्यात बसतो. फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जायला हवं.

काचेपलीकडून मला घड्याळ दाखवतायत. पेन घ्या. फुले योजनेचा मदत क्रमांक 155388. एक पाच पाच, तीन आठ आठ. नमस्कार.