तीन वर्षांचा प्रकल्प, दोन पावसाळे

(दृश्य : परभणी. ऑक्टोबरची सकाळ. सोयाबीनचे चौकोनी प्लॉट, प्रत्येकापुढे पाटी.)

लांबून बघितलं तर हे साधं सोयाबीनचं रान. जवळ गेलं की कळतं, हा वाणांच्या तुलनेचा प्रयोग आहे. इथे बारा वाण आहेत आणि प्रत्येक वाण तीन ठिकाणी पेरलाय. एकूण ३६ प्लॉट. कुठला वाण कुठे पडणार, हे कुणाच्या मर्जीने ठरलेलं नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलंय. काळी जमीन वरून एकसारखी दिसते, पण वरच्या अंगाला वाफसा लवकर येतो आणि खालच्या अंगाला रान चिबडतं. एखाद्या वाणाचे तिन्ही प्लॉट खालीच आले, तर वाण कमी पडला की जागा वाईट होती, हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून उताराला आडवे तीन पट्टे आखायचे आणि प्रत्येक पट्ट्यात बाराही वाण बसवायचे.

पेरणी दोन ओळींत ४५ सेंटीमीटर आणि दोन रोपांत ५ सेंटीमीटर अंतरावर. कडेच्या ओळींना ऊन आणि जागा जास्त मिळते, म्हणून त्या मोजणीत धरत नाहीत. आतला प्लॉट १० चौरस मीटरचा आहे असं धरा. आता या तराजूकडे बघा. इथलं वजन हेक्टरला नेताना हजारपट होतं. ताटात १ ग्रॅम चुकला की हेक्टरी १ किलो चुकला. शेंगा तडकून १०० ग्रॅम दाणे मातीत गेले की कागदावर हेक्टरी १ क्विंटल उडाला, आणि दोन चांगल्या वाणांमधला खरा फरक पुष्कळदा तेवढाच असतो.

बिघडायला कारणं भरपूर. परतीचा पाऊस कापलेल्या ढिगावर येतो. रानडुकरं एका रात्रीत कोपरा साफ करतात. मळणीयंत्र झाडलं नाही, तर आधीच्या वाणाचे दाणे पुढच्या पोत्यात जातात. पाटीवरची शाई पावसाने धुऊन जाते. शेवटी आकडेमोडीत चढउताराचं प्रमाण, म्हणजे सीव्ही, साधारण २० टक्क्यांच्या वर गेलं, की त्या प्रयोगावर कुणी भरवसा ठेवत नाही. अख्खा हंगाम वाया जातो. तो परत करायचा, तर पुढच्या जूनपर्यंत थांबावं लागतं.

आणि हा तर लांबच्या वाटेतला एकच टप्पा. आधी संकर, मग पिढ्यामागून पिढ्या निवड, केंद्रावर चाचणी, वेगवेगळ्या ठिकाणी चाचणी. मग अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाच्या, म्हणजे देशभरच्या केंद्रांनी मिळून एका पिकावर चालवलेल्या कामाच्या, चाचण्या, आणि त्यातून तरला तर १९६६च्या बियाणे कायद्याखाली अधिसूचना. पहिल्या संकरापासून शेतकऱ्याच्या चाड्यापर्यंत दहा-बारा वर्षं सहज जातात.

(दृश्य : कार्यालयातलं टेबल. फायली, पावत्यांचा गठ्ठा.)

पैशाचं कॅलेंडर मात्र निराळं. ते १ एप्रिलला सुरू होतं आणि ३१ मार्चला संपतं. समजा, तीन वर्षांचा प्रकल्प ऑगस्टमध्ये मंजूर झाला. तोवर खरिपाचा पेरा होऊन गेलेला असतो, म्हणजे पहिलं वर्ष गेलंच. दुसऱ्या वर्षाचा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे आधीचे पैसे ठरल्या कामावरच खर्चल्याचा दाखला, पोचल्याशिवाय सुटत नाही. ते प्रमाणपत्र लेखापरीक्षणावर अडतं आणि लेखापरीक्षण एखाद्या पावतीवर. एवढ्यात मृगाचा पाऊस येतो. मजुरी, खत, फवारणी तेव्हाच हवी असते. सप्टेंबरमध्ये आलेल्या पैशाने जूनची पेरणी होत नाही. तीन वर्षांच्या प्रकल्पाला जेमतेम दोन पावसाळे मिळतात आणि शिफारशीला तर तीन हंगामांचे आकडे हवेत.

समन्वित प्रकल्प याला अपवाद ठरतात, आणि आमच्या मते देशातली ही सर्वांत शहाणी तजवीज आहे. १९५७ मध्ये मक्यापासून ती सुरू झाली. कृषी विद्यापीठांत भारतीय कृषी संशोधन परिषद ७५ टक्के आणि राज्य २५ टक्के खर्च उचलतं. माणसं कायम राहतात, वह्या कायम राहतात. पैदासकार, म्हणजे नवे वाण काढणारा शास्त्रज्ञ, निवृत्त झाला तरी त्याची निवड पुढच्याच्या हाती जाते.

(दृश्य : बाजारात भेंडीची पाटी.)

परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२चं. १९८५ मध्ये इथून ‘परभणी क्रांती’ ही भेंडी आली. त्या काळी पुसा सावनी ही भेंडी केवड्याला, म्हणजे शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणूला, बळी पडायची. तिचा रानटी जातीशी संकर करून ही नवी भेंडी काढली. तिचं बी परभणीच्या पुष्कळ पलीकडे गेलं. पण शेतकरी बी पेरतो, संदर्भसूची लिहीत नाही. शोधनिबंधाचा दर्जा दुसऱ्या निबंधांत आलेल्या त्याच्या उल्लेखांवर मोजतात, आणि या बियाण्याचे उल्लेख शेतात उगवलेले असतात. पैदासकाराने स्वतः तयार केलेल्या मूळ बियाण्याला किती राज्यांतून मागणी आली, याची नोंद सरकारदरबारी होतेच. तो आकडा पैदासकाराच्या बढतीत शोधनिबंधाइतकाच धरला पाहिजे.

(दृश्य : अंबाजोगाई. भिंतीत बसवलेला शिलालेख, वर ओला कागद.)

इथे संशोधनाचं सगळं साहित्य एका पिशवीत मावतं. आधी दगड नरम ब्रशने आणि पाण्याने धुवायचा. त्यावर ओला, चिवट कागद पसरायचा आणि मधून कडेकडे थोपटत न्यायचा, म्हणजे खाली हवा राहत नाही. मग ब्रशने ठोकत कागद अक्षरांच्या खाचांत बसवायचा. कागद अर्धवट वाळला, की कापडी बोळ्याने काळी शाई टिपायची. दगडाचा सपाट भाग काळा होतो, खोदलेलं अक्षर पांढरं राहतं. घाई करून ओल्यावरच शाई लावली, तर ती खाचेत उतरते आणि अक्षर बुजतं. फार वाळू दिला, तर कागद सुटतो आणि वाऱ्यावर फडफडतो.

ठसा अर्ध्या दिवसात निघतो. वाचनाला महिने लागतात. झिजलेल्या एका अनुस्वारावर गावाचं नाव बदलतं. एका शकाच्या आकड्यासाठी तिथी, वार, संवत्सर यांचा मेळ बसवावा लागतो. हे काम मराठीत छापलं जातं, कारण वाचणारे मराठी आहेत. उल्लेख मोजणाऱ्या मोठ्या जागतिक सूच्यांत बहुतेक इंग्रजी नियतकालिकं असतात, त्यामुळे तिथे या लेखाची किंमत शून्य दिसते.

आता प्राध्यापकांच्या संशोधनाला गुण देणारं कोष्टक बघू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत विज्ञान आणि शेतीच्या शोधनिबंधाला ८ गुण आहेत, भाषा आणि सामाजिक शास्त्रांच्या निबंधाला १०. वर नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे भर पडते, ३० गुणांपर्यंत. हा फॅक्टर म्हणजे साधा भागाकार. नियतकालिकाने दोन वर्षांत ४० लेख छापले आणि पुढच्या वर्षी त्यांचे ६० उल्लेख झाले, तर दीड. एका लेखाबद्दल तो काहीच सांगत नाही. अख्ख्या पुस्तकाच्या अनुवादाला याच कोष्टकात ८ गुण आहेत.

लेखक दोन असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. दोनापेक्षा जास्त असतील, तर पहिल्याला, प्रमुखाला किंवा पत्रव्यवहार करणाऱ्याला ७० आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३०. रसायनशास्त्रात हे जमतं, कारण प्रयोग करणारा विद्यार्थी पहिला आणि मार्गदर्शक बहुधा शेवटचा असतो. गणितात नावं आद्याक्षरांच्या क्रमाने लावतात. तिथे पहिलं नाव कामावरून नाही, आडनावावरून येतं. गुरुत्वीय लहरींचा पहिला शोध जाहीर करणाऱ्या २०१६च्या निबंधावर तर हजारावर लेखक होते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ याच लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा मंजूर आहे : चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि २,६०० कोटींचा खर्च, तोही अंदाजित. तिच्यातून निघणाऱ्या निबंधांनाही हेच कोष्टक लागणार आहे.

गुणांच्या ओढीत खोट्या नियतकालिकांचा धंदा चालतो. दोन दिवसांत स्वीकृती, लगेच फी, असं पत्र आलं तर थांबा. संकेतस्थळावरचं बोधचिन्ह पाहून विश्वास ठेवू नका. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, मूळ सूचीतच जाऊन शोधा. खऱ्या नियतकालिकाची हुबेहूब नक्कल करणारी स्थळंही आहेत. जुन्या अंकातल्या दोन लेखांचे डीओआय, म्हणजे लेखाचे कायमचे ऑनलाइन क्रमांक, उघडून बघा. संपादक मंडळातल्या एकाला त्याच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर ईमेल करा. आयोगाने मान्य नियतकालिकांची आपली केअर यादी २०२५ मध्ये बंद केली, तेव्हा ही पारख आता संस्थेच्या आणि विद्यार्थ्याच्याच अंगावर आहे. आणि विद्यार्थ्याचं घर जेआरएफच्या, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीच्या, महिना ३७,००० रुपयांवर चालतं. ते थकले, की त्याच पैशातून प्रवास, छपाई, रसायनं भागवणाऱ्याचं काम आधी थांबतं.

(दृश्य : परत परभणी. मे महिना, नांगरलेली काळी ढेकळं.)

पुढच्या हंगामाचा आराखडा पंख्याखाली तयार होतोय. या वेळी फक्त चार वाण आहेत. वाण कमी म्हणजे प्लॉटही कमी, म्हणून तीन पट्टे पुरणार नाहीत. जागेमुळे आणि योगायोगाने किती फरक पडतो, याचा अंदाज विश्वासाने घ्यायला किमान पाच लागतील. म्हणजे २० प्लॉट, २० पाट्या. पाट्यांवर या वर्षी शाई नाही, पत्र्यावर ठोकलेले आकडे आहेत.