पाजणाऱ्या आईची गोळी

नमस्कार श्रोतेहो. गिरगावात माझं औषधांचं दुकान आहे. परवा भर पावसात एक आजी आल्या आणि पावडरच्या दुधाचा डबा मागितला. नातू दीड महिन्याचा. "सुनेच्या छातीत दूध साकळलंय, ताप आहे. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलंय. आता अंगावर कसं पाजायचं?" डॉक्टर नको म्हणाले का, मी विचारलं. "तसं काही बोलले नाहीत. पण औषध दुधात उतरणारच ना?"

उतरतं, आजींचं खरं आहे. आईच्या रक्तातलं बहुतेक औषध थोडंफार दुधात येतंच. पण किती, ते बघायचं. वजनाच्या हिशोबाने बाळाला मिळणारा डोस आईच्या डोसाच्या 10 टक्क्यांच्या आत असेल तर औषध सहसा चालतं, असा डॉक्टरांचा ठोकताळा. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, अमॉक्सिसिलिन, थायरॉइडची रोजची थायरॉक्सिनची गोळी, ही सगळी चालणारी. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा अगदी नवजात असेल तर मात्र जास्त जपावं लागतं.

मग एवढी धास्ती कशाची? पाकिटातल्या त्या घड्या घातलेल्या कागदाची. मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, स्तनदा मातांनी घेऊ नये. पाजणाऱ्या बायकांवर औषधांच्या चाचण्या फारशा होत नाहीत, म्हणून कंपनी आपली बाजू सांभाळून लिहिते. घरी तो कागद भिंग लावून वाचला जातो. मग आई एक तर बाळाचं दूध तोडते, नाही तर गोळी गुपचूप उशीखाली सरकवते.

मला भीती वाटते ती उशीखालच्या गोळीची. टीबीची नेहमीची औषधं चालू असताना पाजता येतं. आईने मास्क लावायचा, बाळाला प्रतिबंधक औषध डॉक्टर ठरवतात. पण गोळ्या मध्येच सुटल्या की टीबी उलटतो, आणि बाळ तर तिच्याच कुशीत असतं. बाळंतपणानंतरच्या नैराश्याचंही तसंच. त्यावरचं सर्ट्रालिन दुधात फार कमी उतरतं, तरी ती गोळी सासरी लपवून घेणाऱ्या मुली मी पाहतो.

नको म्हणायचीही औषधं आहेत. केमोथेरपी, किरणोत्सारी आयोडीनचे उपचार, तिथे पाजणं थांबतं. कोडीनचं खोकल्याचं सिरपही नको. काही बायकांच्या अंगात त्याचं मॉर्फिन झपाट्याने तयार होतं आणि बाळ गुंगीत जातं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण खात्याने, 2017 साली पाजणाऱ्या आयांना त्याबद्दल बजावलं. सर्दीच्या काही गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन पान्हा आटवतं. म्हणून डॉक्टरांसमोर बसल्याबसल्याच सांगा, 'मी अंगावर पाजते, बाळ इतक्या महिन्यांचं आहे.' आणि गोळी पाजून झाल्यावर घेऊ का, तेही तिथेच विचारून घ्या.

तर आजी. मी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. ते म्हणाले, पाजायचं थांबवूच नका, दूध आत साचून राहिलं तर गळू होईल. आजींनी डबा मागे सारला, आणि छत्री विसरून गेल्या. संध्याकाळी मुलगा ती न्यायला आला. पायरीवर थबकून म्हणाला, "आई तिला रोज कसलासा काढा उकळून देते. तो चालतो का?"

त्याबद्दल घरात कुणीच डॉक्टरांना विचारलं नव्हतं.