कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतले व्हायोलिनवाले सर

या जिन्यावर क्लासचा बोर्ड नाही. सर म्हणतात ज्याला शिकायचंय तो विचारत विचारत येतोच, आणि व्हिडिओत माझं नाव घ्यायचं नाही ही त्यांची एकच अट, तर आपणही सरच म्हणूया.

वर आलो तर पोरं व्हायोलिन मांडीवर ठेवून चक्क गातायत. भूप राग. गळ्यातनं निघाला नाही तर बोटातनं काय निघणार, हा सरांचा पहिला नियम. कारण याला सतारीसारखे पडदे नाहीत, पेटीसारखी पट्टी नाही, बोट केसभर सरकलं की सूर गेला, आणि तो गेलाय हे कानालाच कळायला पाहिजे.

आता सरांची बैठक बघा. खाली मांडी, व्हायोलिनचं टोक उजव्या पावलावर टेकवलेलं, म्हणजे डावा हात वरखाली फिरायला मोकळा. बोटांना खोबरेल तेलाचा एक थेंब, मींड, म्हणजे एका सुरावरनं दुसऱ्यावर न तुटता जाणं, घसरत जावी म्हणून. तारा सा-प-सा-प अशा लावलेल्या. पावसाळ्यात मात्र कोल्हापूरची हवा काय सोडत नाही, तार ताणायची खुंटी फुगून अडकते, आणि उन्हाळ्यात तीच सुटायला लागली की सर तिला खडू घासतात.

हे जे गळ्यासारखं वाजवणं आहे ना, गायकी अंग, त्यातलं मोठं नाव म्हणजे गजाननराव जोशी, १९११ ते १९८७. स्वतः गवई. आणि जयपूर घराण्याची तालीम त्यांनी घेतली भूर्जीखाँसाहेबांकडून, म्हणजे शाहू महाराजांच्या दरबारातले अल्लादियाखाँ, त्यांचे चिरंजीव, जे कोल्हापुरातच राहिले. सर म्हणतात, वाद्य गोऱ्या साहेबाचं पण गाणं आमच्या गल्लीतलं. थोडं चढवून सांगतात, पण अगदीच खोटं नाही.

बाकी सरांचं करिअर म्हणाल तर सोलो कमी, साथ जास्त. भावगीतं, नाट्यसंगीत, लग्नाची रिसेप्शनं पण केली, लाज कसली त्यात. ख्याल गाताना साथीला हल्ली सगळे पेटीच बोलावतात. कधी पाकीट मिळतं, कधी नुसती शाल आणि नारळ, त्यामुळं घर चालतं ते या शिकवण्यांवर.

पण साथीनंच आपल्याला शिकवायला शिकवलं असं ते म्हणतात. गवई तान घेऊन पुढं गेला की तीच जागा, म्हणजे सुरांचं तेच वळण, मागनं अर्ध्या श्वासात धरायची, त्याच्या पुढं जायचं नाही, मागंही राहायचं नाही. म्हणून सुरुवातीला महिनोन्महिने नुसता लांब गज, म्हणजे बो, मोकळ्या तारेवर. आईबाप विचारतात, गाणं कधी वाजवणार ओ? सर म्हणतात, सा तर लागू दे.

बरीच पोरं पुढं इंजिनिअरिंगला जातात आणि व्हायोलिन केससकट माळ्यावर. एक मुलगी टिकलीय, कागलहून एसटीनं येते. आज रात्री गावातल्या एका मैफलीत ती पहिल्यांदा गवयाला साथ करणार आणि सर मागं तानपुऱ्यावर बसणार. सूर लावता लावता तिला सांगतायत, "चुकलीस तर माझ्याकडं वळून बघायचं नाही, गवयाकडं बघ, तो पुढं गेलेला असतोय."