रिमोटच्या नाकात कॅमेरा आहे

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? तो पंखा जरा कमी करा कोणीतरी, माईकमध्ये घरघर येतेय. हां, आता ठीक. समोर बरेच शिक्षक दिसतायत, बरं वाटलं, कारण हे सगळं तुमच्यासाठीच आहे. विषय पत्रिकेत छापलाय तोच, गेमच्या रिमोटपासून इंटरॅक्टिव्ह फळा, म्हणजे प्रोजेक्टरच्या चित्रावर पेनानं लिहिता येईल असा फळा, कसा करायचा, पण त्याआधी एक गोष्ट सांगू द्या, फार दिवस मनात आहे.

आपल्या उपनगरातली एक शाळा, नाव नको. तिथे देणगीतून मोठा स्मार्टबोर्ड आला, किंमत लाखाच्या घरात. पहिलं वर्ष मस्त गेलं. मग त्याचं पेन हरवलं. पोरांच्या शाळेत पेन हरवणारच, त्यात कोणाचा दोष नाही. कंपनीला फोन केला तर म्हणे आमचंच पेन लागेल, आणि ते सुटं मिळत नाही, अख्खा सेट घ्या. सेटचा भाव ऐकून संस्थेचे लोक गप्प बसले. धूळ नको म्हणून शिपाईकाकांनी बोर्डावर प्लास्टिक घातलं ते आजपर्यंत निघालं नाही, आता त्यावर स्नेहसंमेलनाचं वेळापत्रक चिकटवलंय. भूगोलाच्या बाई मला म्हणाल्या, सर, त्र्यंबकेश्वरपासून गोदावरी मी त्या पेनानं ओढत ओढत पार आंध्रात न्यायचे आणि पोरं मध्येच ओरडायची, बाई पैठण राहिलं! मला राग येतो तो ह्याचा. बाईंना शिकवायचंय, पोरांना शिकायचंय, प्रोजेक्टर चालू आहे, वीज आहे, आणि सगळं अडलंय एका पेनापाशी, ज्याच्या आत काय आहे हे शाळेत कोणालाच माहीत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की वर्गातली वस्तू शाळेतल्याच कोणीतरी उघडून परत जोडता आली पाहिजे. तेवढं जमलं तर ती टिकते.

आता मूळ मुद्दा. निन्टेंडोचं वी नावाचं गेम कन्सोल २००६ साली आलं. त्याचा रिमोट हातात धरून हवेत फिरवायचा, तुमच्यातल्या काहींच्या घरी असेल, नसेल तर भाच्याकडे नक्की असेल. टीव्हीपाशी एक पट्टी ठेवतात, लोकांना वाटतं सेन्सर त्या पट्टीत आहे. तर नाही. पट्टीत नुसत्या इन्फ्रारेड एलईडी आहेत, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडाचे छोटे दिवे, कॅमेरा रिमोटच्या नाकात आहे, त्या काळ्या काचेमागे. आणि हा कॅमेरा फोटो पाठवत नाही, त्याला फक्त इन्फ्रारेडचे तेजस्वी ठिपके कळतात, एका वेळी चार, आणि सेकंदाला १०० वेळा तो ब्लूटूथवरून सांगतो की कुठला ठिपका कुठे आहे. इतका कामाचा कॅमेरा एका खेळण्यात! अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात जॉनी ली नावाचा मुलगा पीएचडी करत होता, त्यानं डिसेंबर २००७ मध्ये ह्याचा व्हिडिओ टाकला. त्यानं काय केलं, तर उलटं केलं. खेळताना दिवे स्थिर असतात आणि रिमोट हलतो, त्यानं रिमोट स्थिर ठेवला आणि दिवा हलवला. दिवा पेनात, रिमोट टेबलावर, ठिपक्याची जागा ब्लूटूथवरून कॉम्प्युटरला कळते, तो तिथे माऊस नेतो, झाला फळा. सॉफ्टवेअरही फुकट देऊन टाकलं. मला हे जेव्हा जेव्हा आठवतं तेव्हा आनंद होतो, खरंच.

किती? दहा मिनिटं? बरं काका, उरकतो.

पेन. वाळलेला मार्कर घ्या, आतला बोळा काढून टाका, टोकाला इन्फ्रारेड एलईडी, अंगठ्याखाली येईल असं एक पुश बटण, आत एक दीड व्होल्टचा सेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊन ९४० नॅनोमीटरवाली एलईडी मागा, काही रुपयांत मिळते. चालू आहे का ते डोळ्याला दिसणार नाही, मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरा, बहुतेक फोनवर जांभळट पांढरी दिसते. घरातल्या टीव्हीच्या रिमोटवर हा प्रयोग पोरांना आधी दाखवा, वर्ग ताब्यात येतो. एलईडीचं गोल टोक पॉलिश पेपरनं थोडं घासलं की उजेड पसरतो, मग पेन तिरकं धरलं तरी रिमोटला दिसतं. चार्जिंगचे सेल १.२ व्होल्टचे, त्यांच्यावर ती मंद जळते, साधेच घाला. आणि दोन सेल घातलेत तर करंट कमी करायला रेझिस्टर लावा, नाहीतर एलईडी जाईल.

रिमोट कुठे ठेवायचा? प्रोजेक्टरच्या पडद्याच्या रुंदीच्या दीडपट किंवा जरा जास्त अंतरावर, एका बाजूला. उजव्या हातानं लिहिणाऱ्यांसाठी उजवीकडे, नाहीतर तुमचीच पाठ आड येते. बाजूला ठेवल्यामुळे पडदा तिरका दिसणार, कॅरमबोर्ड कोपऱ्यातून पाहिल्यावर दिसतो तसा, म्हणून सुरुवातीला सॉफ्टवेअर चार कोपऱ्यांत चार खुणा दाखवतं, प्रत्येकीवर पेन टेकवून बटण दाबायचं, पुढचं गणित कॉम्प्युटर करतो. कॅलिब्रेशन म्हणतात ते एवढंच. कोणाचा धक्का लागून रिमोट हलला की परत चार टिंबं, अर्धा मिनिट. दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत येत असेल तर खिडकीचा पडदा ओढा, उन्हातही इन्फ्रारेड असतं, रिमोट गोंधळतो. जुना पिवळा बल्बही नको, एलईडी ट्यूब चालते.

वी बाजारातून गेलंय, त्यामुळे रिमोट जुनाच मिळेल. बाजारात नकली रिमोटही फिरतात, काहींचं ब्लूटूथ लॅपटॉपशी जुळत नाही, म्हणून लॅपटॉप सोबत न्या आणि १ आणि २ ही बटणं एकदम दाबून दुकानातच जोडून बघा, जोडला गेला तरच पैसे द्या. एकदम चार पेनं वापरायचंही सांगायचं होतं, ते राहिलं. पेन चहाच्या टेबलापाशी ठेवलंय, उघडून बघा, परत जोडा, आणि प्रश्न तिथेच विचारा.