आधी कोण बोलणार?

(कोल्हापुरात वाचनालयाच्या सभागृहात नाताळच्या आधी झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, पाळकसाहेब आणि मंडळी, सगळ्यांना सलाम.

पत्रिकेत विषय छापलाय, ‘मंदीच्या काळात नाताळच्या भेटींचा खर्च कसा आवरावा’. वाचून आमच्या घरात हसू फुटलं. मुलगी म्हणाली, पप्पा, तुम्ही गिफ्टचा कागदसुद्धा इस्त्री करून परत वापरता, तुम्हाला काय भाषण करायचंय, नुसतं उभं राहिलात तरी पुरे. तेव्हा मी उभा आहे. पंचवीस मिनिटं दिलीत, त्यातली पाच हाराफुलांत गेली.

मी काही अर्थतज्ज्ञ नव्हे. शिवाजी उद्यमनगरात माझं मशीन शॉप आहे. तीन लेथ, एक ड्रिल, आणि गिऱ्हाइकानं बिल थकवलं की रात्रीची झोप उडते, एवढंच माझं अर्थशास्त्र. पण एक गोष्ट बरेच दिवस डोक्यात घोळतेय. ती सांगायच्या आधी आईची वही दाखवतो. मागच्यांना दिसत नसेल, चहाला बघा.

ही लाल कापडी बांधणीची वही. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे ‘आले’, उजवीकडे ‘गेले’. लग्नाचा आहेर, बारसं, बाप्तिस्मा, नाताळ, सगळं यात. मधलंच पान वाचतो. ‘धाकट्या जाऊबाई, पोलक्याचे कापड १, आले.’ ‘मिरजेच्या मावशी, स्टीलचा डबा १, झाकण सैल, आले.’ झाकण सैल! मावशींना जाऊन कितीतरी वर्षं झाली, झाकण अजून सैलच आहे. हसू नका, तुमच्या घरीही अशी वही आहे. कागदाची नसेल तर वैनींच्या डोक्यात असेल, आणि ती जास्त अवघड, कारण तिला वाळवी लागत नाही.

वहीचा नियम असा की आलं त्यापेक्षा थोडं जास्तच परत गेलं पाहिजे. बरोबरीनं फेडलं तर हिशोब मिटवल्यासारखं दिसतं, कमी दिलं तर तोंड दाखवायला जागा नाही. हा नियम दोन्ही घरांत. यांनी रुपया चढवला की त्यांनी दोन. पोलक्याच्या कापडापासून सुरू झालेलं प्रकरण पाच-सहा वर्षांत साडीवर गेलेलं या पानांत दिसतं. एवढं चढतं व्याज भाऊसिंगजी रोडवरच्या कुठल्या सावकारानंही लावलं नसेल.

आणि मग हे पान. १९७२. ज्यांचे केस माझ्यासारखे पांढरे आहेत त्यांना आठवेल. दुष्काळाची माणदेशाइतकी झळ कोल्हापूरला नव्हती, पण महागाई सगळ्यांनाच होती आणि रेशनवर ती लाल मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना मोडायची, खाल्ल्यावर मोडायची नाही. माझ्या वडिलांच्या हाताला त्या वर्षी धड काम नव्हतं. त्या डिसेंबरचं पान जवळजवळ कोरं आहे. दोनच ओळी : ‘नाताळ. कापड बंद. काकी बोलल्या.’

या काकी म्हणजे वडिलांच्या चुलतभावाच्या बायको. त्या नर्स, काका कंपाउंडर, घरात दोन पगार. आमच्या सगळ्या गोतावळ्यात खाऊन-पिऊन सुखी म्हणावं असं ते एकच घर. प्रसंग घडला बेकरीत. तेव्हा नानकटाई घरी भाजायची सोय नव्हती. मैदा, साखर, डालडा डब्यात भरून बायका बेकरीत जायच्या, तिथंच पीठ मळायचं, पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडायचं आणि ट्रेला नावाची चिठ्ठी चिकटवायची. नंबर लागेपर्यंत भट्टीच्या धगीला बसायचं. मीही बसलो होतो, कारण ट्रेमधून मोडकी नानकटाई निघाली की ती पोराची. तर त्या रांगेत काकी उठून उभ्या राहिल्या आणि सगळ्या जावा-नणंदांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “यंदा माझ्याकडनं कुणाला कापड येणार नाही. मलाही कुणी आणायचं नाही. आणलं तर दारातनं परत पाठवीन. करंज्या घेऊन या, बसा, गाणी म्हणा आणि जावा.”

झालं. एका वाक्यात चौदा घरं सुटली.

पुढं बऱ्याच वर्षांनी आईला विचारलं, गरज आपल्याला होती, मग तूच का नाही बोललीस? ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मी बोलले असते तर म्हणाले असते, हिच्या नवऱ्याला काम नाही. काकी बोलल्या, ती रीत झाली.”

हे वाक्य ध्यानात ठेवा, मला परत तिथंच यायचंय. मध्ये जरा माझी फजिती सांगतो, तिच्यासाठीच तुम्ही आलाय.

२००८. सप्टेंबरात तिकडं अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली आणि दिवाळी होईपर्यंत इकडं उद्यमनगरात माझे दोन लेथ थांबले. माझा त्या बँकेशी काय संबंध? त्यांचं मला पत्र नाही, माझं त्यांना नाही. पण गाड्या खपेनात, म्हणून फाउंड्रीला ऑर्डर नाही, म्हणून माझ्याकडं मशीनिंगला कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, नाही. आणि डोक्यावर नाताळ. पुण्याहून आण्णा, म्हणजे माझे थोरले बंधू येणार, बहीण-दाजी येणार, पोरं धरून अकरा जण. खिशात काही नाही. मग मी भिशी उचलली. वीस जणांची, हजाराची, लिलावाची. ज्याला नड जास्त तो जास्त तोटा बोलतो आणि उचलतो. मी वीस हजारांची भिशी सोळा हजार चारशेला उचलली. म्हणजे दुकानाची पायरी चढायच्या आधीच छत्तीसशे गेले. ते वीस जणांत वाटले, त्यातले माझ्या वाट्याचे एकशे ऐंशी मला परत मिळाले, तेवढाच त्या वर्षीचा माझा धंद्यातला नफा.

त्या पैशांतून काय घेतलं? आण्णांना शर्टपीस. त्यांचे शर्ट कंपनीतून मिळतात. वैनींना काचेचा लेमन सेट. घरात लिंबू सरबत पिणारं कुणी नाही. दाजींना परफ्यूम. दाजींना शिंका. महाद्वार रोडवरनं पिशव्या घेऊन येताना माझा चेहरा असा होता की ओळखीच्या एकानं विचारलं, काय भावा, मयताचं सामान काय? आणि आण्णांनी आम्हाला काय आणलं? मायक्रोवेव्ह! आमची ही त्यात अजून पापड भाजते. पापड चांगले भाजतात, तक्रार नाही.

(अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय. दहा मिनिटं असतील असं वाटलं होतं, चार आहेत. बरं. मूळ विषयाला हात घालतो.)

जोएल वॉल्डफोगेल नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९९३ मध्ये हा माझा लेमन सेट गणितात मांडला. त्यानं येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना विचारलं, नाताळला मिळालेल्या वस्तूची किंमत किती असेल आणि तीच वस्तू तुम्ही स्वतः घेतली असती तर किती मोजले असते? उत्तरांवरून त्यानं हिशोब काढला की भेटीच्या किमतीतला दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंतचा भाग हवेतच जातो. मित्रांच्या भेटींत तोटा कमी, काका-मावश्यांच्या भेटींत जास्त. मिरजेच्या मावशींचा डबा त्याला दाखवायला हवा होता.

पण आकडे कळून कुणी थांबत नाही. १९१२ मध्ये न्यूयॉर्कला एक संस्था निघाली, निरुपयोगी भेटी बंद करण्यासाठी. मूळ दुखणं दुकानांत काम करणाऱ्या मुलींचं. तुटपुंज्या पगारातून वर्गणी काढून वरच्या साहेबाला नाताळची भेट द्यायची, नाही दिली तर साहेबाची मर्जी गेली. त्यांच्यातली एकटी मुलगी नाही म्हणाली असती तर दुसऱ्या दिवशी घरी बसली असती. संस्था उभी केली कुणी? एलिनॉर बेलमाँट या श्रीमंत घरातल्या बाईंनी आणि अ‍ॅन मॉर्गन यांनी. या अ‍ॅन म्हणजे जे. पी. मॉर्गन या बड्या बँकरची मुलगी. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टसुद्धा सभासद झाले. आता मॉर्गनच्या मुलीला कोण म्हणणार, हिला परवडत नाही? न्यूयॉर्कच्या बेकरीतल्या काकीच त्या!

दुकानदार काय गप्प बसत नाहीत. १९३९ मध्ये त्यांच्याच आग्रहावरून दुसऱ्या रूझवेल्टनं, राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिननं, थँक्सगिव्हिंगचा अमेरिकन सण आठवडाभर अलीकडं ओढला, का तर नाताळची खरेदी त्या सणानंतर सुरू व्हायची आणि तिला दिवस जास्त मिळावेत. आणि ज्या संत निकोलसच्या, म्हणजे मूळ सांताक्लॉजच्या, नावावर हे सगळं चालतं, त्याची कथा काय? एका गरिबाच्या तीन मुलींची लग्नं हुंड्यावाचून अडली होती, तर त्यानं रात्री गुपचूप घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या. आहेरच तो. पण नाव न सांगता टाकला, म्हणजे कुणाच्या वहीत ‘आले’ लिहायची सोय ठेवली नाही.

दोन मिनिटं. तर माझं म्हणणं असं. नावांच्या चिठ्ठ्या टाकून एकेकानं एकालाच द्या, दोनशेची मर्यादा घाला, फक्त पोरांना द्या, हे उपाय तुम्हाला माहीत आहेत आणि सगळे चालतात. पण सुरुवात ज्याचं बरं चाललंय त्यानं करायची. नड असलेला तोंड उघडू शकत नाही, तो भिशी उचलतो.

हे मी कुठल्या तोंडानं सांगतोय? नंतर धंदा सावरला, मीच गोतावळ्यातला काकी झालो, आणि बोललो नाही. भाच्याला सायकल दिली, बहिणीला पैठणी. छाती फुगवून दिली. त्यानंतर लागोपाठ दोन नाताळ बहिणीचा फोन, “दादा, ताप आलाय, येत नाही.” नेमका पंचवीस डिसेंबरलाच येणारा ताप. मला ते कळायला दोन वर्षं लागली. दाजींचं दुकान मंद चाललंय हे बिंदू चौकातल्या पानवाल्याला माहीत होतं, मला नव्हतं.

म्हणून यंदा नोव्हेंबरातच तिला फोन लावला. म्हटलं, यंदा माझ्याकडनं कुणाला काही नाही, तूही काही आणायचं नाहीस, आणलंस तर दारातनं परत. फोनवर जरा वेळ शांतता. मग बारीक आवाजात म्हणाली, “दादा, खरं सांग. तुझं काम चाललंय ना नीट?”

म्हटलं, लई भारी चाललंय, म्हणूनच सांगतोय. पोरांना घेऊन सकाळीच ये, आणि येताना रिकामा डबा आण. नानकटाई जास्तीची भाजायची आहे.